पडलेल्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवून घेताना

खालच्या जबड्यातील पहिली मोठी दाढ वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास येते. कोणताही दुधाचा दात न पाडता ती शेवटच्या दुधाच्या दाढेमागे उगवते, त्यामुळे बहुतेक घरांत ती दुधाचीच समजली जाते आणि तिला कीड लागली तरी ‘पडून नवी येईल’ म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. पुढे तिच्यात सिमेंट भरले जाते, काही वर्षांनी रूट कॅनाल होते, त्यावर कॅप बसवायचे राहून जाते आणि एके दिवशी सुपारी किंवा फुटाणे फोडताना ती उभी चिरते. मुळापर्यंत चिरलेली दाढ सहसा वाचत नाही. ती काढावीच लागते. चाळिशीच्या आसपास दंतवैद्याकडे येणाऱ्या कित्येकांच्या तोंडात नेमकी हीच जागा रिकामी असते, म्हणून या लेखात तिचेच उदाहरण समोर ठेवले आहे.

दाढ काढल्यावर ती जागा बाहेरून दिसत नाही, दुसऱ्या बाजूने चावता येते आणि दुखणेही थांबलेले असते. त्यामुळे पुढचा निर्णय वर्षानुवर्षे लांबतो. तोंडात मात्र त्या काळात बरेच काही घडत असते. मागची दाढ पुढे कलते, वरच्या जबड्यातील समोरची दाढ आधार नाहीसा झाल्याने हळूहळू खाली उतरते आणि मुळांना धरून ठेवणारे हाड काम न उरल्याने झिजू लागते. हाडाच्या रुंदीतील सर्वाधिक घट पहिल्या काही महिन्यांतच होते आणि वर्षभरात ती निम्म्याच्या घरात जाऊ शकते. इम्प्लांटला, म्हणजे हाडात बसवलेल्या स्क्रूवरच्या कृत्रिम दाताला, आधार द्यायचा असतो तो याच हाडाने. म्हणून त्याचा विचार दाढ काढण्यापूर्वी व्हायला हवा. दाढ काढायची ठरली की त्याच भेटीत डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराव्यात: मुळे वेगवेगळी करून, भोवतालचे हाड न फोडता ती काढता येईल का, आणि रिकामा झालेला खळगा हाडाच्या भुकटीने भरून ठेवल्याचा तुमच्या बाबतीत उपयोग होईल का.

प्रत्येक पडलेल्या दाताची भरपाई केलीच पाहिजे असे नाही, हेही येथेच सांगायला हवे. अक्कलदाढेच्या जागी कोणी इम्प्लांट बसवत नाही. सर्वांत मागची दुसरी मोठी दाढ गेली असेल आणि तिच्या पुढचे सर्व दात शाबूत असतील, तर कित्येक जण तिच्यावाचून आयुष्यभर व्यवस्थित जेवतात. पहिली मोठी दाढ मात्र चावण्याच्या कामाचा मोठा भार उचलते आणि तिच्या दोन्ही बाजूंना दात असल्याने जागा रिकामी राहिली तर शेजारच्या दातांचेही नुकसान होते.

पर्याय तीन आहेत. पहिला म्हणजे काढता-घालता येणारी कवळी. ती सर्वांत स्वस्त असते, पण एकाच दाढेसाठी ती तोंडात घालून वावरणे बहुतेकांना जमत नाही आणि थोड्याच दिवसांत ती कपाटात जाते. दुसरा पर्याय ब्रिजचा. त्यात रिकाम्या जागेच्या पुढचा आणि मागचा असे दोन्ही दात तासून लहान केले जातात आणि त्यांच्या आधाराने तीन जोडलेल्या कॅप बसवल्या जातात. हे काम दोन-तीन आठवड्यांत संपते आणि शस्त्रक्रिया लागत नाही. परंतु शेजारचे दोन्ही दात निरोगी असतील तर त्यांचे वरचे कवच कायमचे गमावावे लागते आणि पुढे त्यांपैकी एक किडला तरी पूर्ण ब्रिज काढावा लागतो. तिसरा पर्याय इम्प्लांटचा, ज्यात शेजारच्या दातांना हात लागत नाही. माझे मत असे की शेजारच्या दोन्ही दातांचे रूट कॅनाल आधीच झालेले असेल आणि त्यांना नाहीतरी कॅप लागणारच असतील, तर ब्रिज हा उत्तम आणि कमी खर्चाचा उपाय आहे. तेथे इम्प्लांटचा आग्रह धरण्याचे कारण नाही. शेजारी दोन्ही दात अखंड असतील तर मात्र इम्प्लांटची बाजू भक्कम ठरते.

इम्प्लांट म्हणजे नेमके काय

इम्प्लांटचे तीन भाग असतात. हाडात बसतो तो टायटॅनियमचा स्क्रू. खालच्या मोठ्या दाढेसाठी त्याचा व्यास साधारण ४.५ ते ५ मिलिमीटर आणि लांबी १० मिलिमीटरच्या आसपास असते. त्यावर हिरडीतून वर येणारा जोडभाग बसतो, त्याला अबटमेंट म्हणतात. सर्वांत वर दाताच्या आकाराची कॅप असते. जाहिरातींत तिन्हींचा मिळून एकच दात दाखवला जात असला तरी खर्च, बिघाड आणि दुरुस्ती या तिन्हींच्या बाबतींत हे भाग वेगवेगळे आहेत, हे लक्षात ठेवले तर पुढच्या पुष्कळ गोष्टी सोप्या होतात.

टायटॅनियमच का, याचे उत्तर स्वीडनमधील एका प्रयोगशाळेत सापडले. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे संशोधक १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करत होते. त्यासाठी हाडात बसवलेले टायटॅनियमचे छोटे उपकरण काम संपल्यावर काढू लागले, तर ते निघेना. हाड धातूला थेट सांधले गेले होते. या सांधले जाण्याला पुढे ओसिओइंटिग्रेशन हे नाव मिळाले. १९६५ मध्ये त्यांनी योस्ता लार्सन या रुग्णाच्या जबड्यात पहिल्यांदा असे स्क्रू बसवले आणि २००६ मध्ये मृत्यू येईपर्यंत लार्सन यांनी ते वापरले. आजही सारा उपचार याच एका घटनेवर उभा आहे: हाड स्क्रूला सांधले गेले तर इम्प्लांट टिकतो, नाही तर हातात येतो. चांगल्या रीतीने निवडलेल्या रुग्णांत दहा वर्षांनंतरही शंभरांपैकी नव्वदहून अधिक इम्प्लांट जागेवर असतात. या वाक्यातील ‘चांगल्या रीतीने निवडलेल्या’ हे शब्द वाचताना निसटून जाऊ नयेत.

आपण यासाठी योग्य आहोत का, हे आधी पाहावे

मधुमेह असेल तर इम्प्लांट होत नाही, हा समज चुकीचा आहे. अनियंत्रित मधुमेह असेल तर तो करू नये, हे बरोबर. गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी ही तपासणी करून घ्यावी. ती ७ च्या आसपास असेल तर सहसा अडचण येत नाही. ८ च्या वर असेल तर आधी साखर आटोक्यात आणावी आणि मग शस्त्रक्रियेची तारीख घ्यावी. जखम उशिरा भरणे आणि जंतुसंसर्ग होणे, हे दोन्ही धोके वाढलेल्या साखरेबरोबर वाढतात.

तंबाखूबद्दल अधिक स्पष्ट बोलावे लागेल, कारण विचारल्यावर ‘व्यसन नाही’ असे सांगणाऱ्या व्यक्ती बऱ्याचदा फक्त सिगारेटबद्दल बोलत असतात. ग्रामीण महाराष्ट्रात आणि शहरांतील कित्येक घरांत सकाळी मिश्री लावण्याची सवय असते आणि ती लावणाऱ्या स्त्रिया तिला तंबाखू समजतच नाहीत. वस्तुतः मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली तरी पान-सुपारी आणि मावा खाणारे कमी झालेले नाहीत. तंबाखूमुळे हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि हाड सांधले न जाण्याचा धोका लक्षणीय वाढतो. सुपारीचा परिणाम आणखी वेगळा: तिच्यामुळे गालाच्या आतील त्वचा ताठर होऊन तोंड उघडणेच कमी होते. आपली तीन बोटे उभी धरून समोरच्या दातांमध्ये जातात का, हे आरशासमोर पाहावे. दोनच जात असतील तर मागच्या दाढेच्या जागी ड्रिल पोचवणे अवघड असते आणि त्याआधी त्या आजाराचीच तपासणी व्हायला हवी.

औषधांची यादी डॉक्टरांना तोंडी सांगू नये. गोळ्यांची पाकिटे किंवा चिठ्ठ्या सोबत न्याव्यात. हाडे ठिसूळ झाल्याबद्दल आठवड्यातून एकदा घेतली जाणारी ॲलेंड्रोनेटची गोळी, वर्षातून एकदा शिरेतून दिले जाणारे झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा सहा महिन्यांनी टोचले जाणारे डेनोसुमॅब चालू असेल किंवा पूर्वी घेतले असेल, तर ते सांगणे अत्यावश्यक आहे, कारण या औषधांमुळे क्वचित जबड्याचे हाड मृत होण्याची गुंतागुंत उद्भवते. कर्करोगासाठी ही औषधे मोठ्या मात्रेत दिली जातात, तेव्हा धोका बराच जास्त असतो. घरच्या घरी ती बंद करणे मात्र साफ चुकीचे. डेनोसुमॅब अचानक थांबवल्यास मणक्याची हाडे मोडू शकतात. हृदयात स्टेंट असलेल्यांनी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबाबतही तीच काळजी घ्यावी. हिरडीतला रक्तस्राव टाके आणि दाब देऊन थांबवता येतो, बंद पडलेला स्टेंट तसा उघडता येत नाही. अशा गोळ्यांचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि दंतवैद्य या दोघांनी मिळून घ्यायचा असतो.

डोक्याला किंवा मानेला किरणोपचार झाले असतील, हिरड्यांतून पू येत असेल, रात्री झोपेत दात खाण्याची सवय असेल, तर तेही सांगावे. गरोदरपणात हा उपचार पुढे ढकलावा. त्याची घाई कधीच नसते. वयाला वरची मर्यादा नाही, खालची आहे. जबड्याची वाढ पूर्ण होण्यापूर्वी इम्प्लांट बसवला तर भोवतालचे दात वाढीबरोबर सरकतात आणि तो मात्र जागच्या जागी खोल राहतो. म्हणून अठरा-वीस वर्षांपर्यंत तात्पुरत्या दातावर भागवावे.

तपासणी आणि नियोजन

साधा एक्स-रे किंवा संपूर्ण जबड्याचा ओपीजी हाडाची उंची दाखवतो, रुंदी दाखवत नाही. स्क्रू बसवायचा तर दोन्ही कळल्या पाहिजेत, म्हणून कोन बीम सीटी नावाचे त्रिमितीय स्कॅन करून घ्यावे. खालच्या दाढेच्या बाबतीत त्यात सर्वांत आधी पाहायची ती जबड्यातून जाणारी नस. ही नस खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना पुरवते. स्क्रूचे टोक आणि नस यांत किमान २ मिलिमीटर अंतर राखले जाते. शेजारच्या दाताच्या मुळापासून साधारण १.५ मिलिमीटर आणि दोन इम्प्लांट असतील तर त्यांच्यामध्ये सुमारे ३ मिलिमीटर जागा लागते. स्कॅन संगणकावर उघडून ‘नस कुठे आहे आणि स्क्रू कुठे येईल, ते दाखवा’ असे डॉक्टरांना जरूर म्हणावे. नियोजन केलेल्या डॉक्टरांना ते दाखवायला दोन मिनिटे लागतात. टाळाटाळ झाली तर तोही एक निष्कर्षच समजावा.

वरच्या दाढेची अडचण निराळी असते. तेथे हाडाच्या वर गालाच्या पोकळीतील हवेची पिशवी, म्हणजे सायनस असते आणि दाढ काढल्यावर ती खाली पसरते. हाड अपुरे असेल तर सायनसचा पडदा वर उचलून खाली हाडाची भुकटी भरावी लागते. त्याने खर्च वाढतो आणि कालावधीही काही महिन्यांनी लांबतो.

या भुकटीबद्दल एक गोष्ट रुग्णांना क्वचितच कोणी आपण होऊन सांगते. हाडाची भुकटी रुग्णाच्याच जबड्यातून घेता येते, कृत्रिम रसायनांपासून केलेली मिळते, आणि सर्वाधिक वापरली जाणारी काही उत्पादने गाईबैलांच्या हाडांवर प्रक्रिया करून तयार केलेली असतात. तिच्यावर झाकायचा पातळ पडदा पुष्कळदा डुकराच्या किंवा गुरांच्या कोलॅजनचा असतो. वैद्यकीयदृष्ट्या ही उत्पादने सुरक्षित आहेत आणि त्यांचे निकालही चांगले आहेत; तरीही ज्यांना धार्मिक किंवा आहारविषयक कारणांनी ती चालणार नाहीत, त्यांनी शस्त्रक्रियेच्या आधी विचारावे. पर्याय असतात, पण ते आधी मागवून ठेवावे लागतात.

डॉक्टर, कंपनी आणि पैसे

इम्प्लांट हे दंतशास्त्राच्या कोणत्याही एकाच शाखेचे काम नाही. शस्त्रक्रिया मुखशल्यचिकित्सक किंवा हिरडीतज्ज्ञ करतात, कॅप कृत्रिम दंतशास्त्राचे तज्ज्ञ बसवतात, आणि पुरेसे प्रशिक्षण व अनुभव असलेले सामान्य दंतवैद्यही दोन्ही कामे चांगली करतात. पदवीखालोखाल विचारायचे ते असे: स्क्रू कोण बसवणार, कॅप कोण करणार, आणि पुढे काही बिघडल्यास कोणाकडे यायचे? बाहेरचे तज्ज्ञ येऊन शस्त्रक्रिया करून जातात, ही पद्धत सर्रास आहे आणि तिच्यात गैर काही नाही. मात्र जबाबदारी कोणाची हे आधी ठरलेले असावे. महाराष्ट्रात डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नये.

एका इम्प्लांटचा कॅपसह खर्च खाजगी दवाखान्यांत सर्वसाधारणपणे २५ ते ६० हजार रुपयांच्या दरम्यान येतो, आणि मोठ्या शहरांत, महागड्या परदेशी कंपनीचा स्क्रू असल्यास त्याहूनही अधिक. स्वित्झर्लंड, स्वीडन, कोरिया, इस्राएल आणि भारत अशा अनेक देशांतील कंपन्यांचे स्क्रू आपल्याकडे वापरले जातात. किमतीतला फरक पाहून गोंधळण्यापेक्षा एवढेच पाहावे की कंपनी पुरेशी जुनी आहे आणि तिचे सुटे भाग आणखी पंधरा वर्षांनीही मिळण्याची शक्यता आहे. ‘इम्प्लांट फक्त दहा हजारांत’ अशा फलकावरची रक्कम बहुधा एकट्या स्क्रूची असते; अबटमेंट, कॅप, स्कॅन आणि हाडाची भुकटी यांचा हिशेब नंतर निघतो. म्हणून तिन्ही भागांचे दर वेगवेगळे लिहिलेले अंदाजपत्रक घ्यावे आणि स्क्रू सांधला गेला नाही तर दुसऱ्यांदा किती पैसे लागतील, हेही त्यावर लिहून घ्यावे. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींत हा खर्च मिळत नाही. अपघातात दात जाऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागले असेल तर मात्र पॉलिसीच्या अटी वाचून पाहाव्यात.

खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, मुंबईतील महापालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय किंवा बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय येथे चौकशी करावी. पदव्युत्तर विद्यार्थी तेथे प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ आणि खेटे जास्त लागतात, खर्च कमी येतो.

परदेशात स्थायिक झालेली मंडळी दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत येऊन दोन आठवड्यांत सगळे उरकून घेऊ पाहतात. त्यांनी दोन खेपांचा हिशेब धरावा: पहिल्या खेपेत स्क्रू, पुढच्या खेपेत कॅप. मधल्या चार-सहा महिन्यांत हाडाला निवांतपणा मिळतो, ही त्यात सोयीचीच गोष्ट आहे.

शस्त्रक्रियेचा दिवस

पोटभर नाश्ता करून जावे. हे काम भूल देऊन झोपवून होत नाही, फक्त ती जागा बधिर केली जाते. अनेक डॉक्टर तासभर आधी अमॉक्सिसिलिनची मोठी मात्रा घ्यायला सांगतात, त्यामुळे पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास ती आदल्या भेटीतच सांगितलेली असावी.

ओठ जड झाला की हिरडीला लहानसा छेद देऊन ती दोन्ही बाजूंना उचलली जाते. मग हाडात आधी बारीक, सुमारे २ मिलिमीटरचे छिद्र केले जाते आणि एकेक मोठे ड्रिल वापरून ते टप्प्याटप्प्याने रुंद केले जाते. हे ड्रिल भरणीच्या वेळच्या किंकाळणाऱ्या यंत्रासारखे नसते. ते मिनिटाला साधारण ८०० ते १२०० फेऱ्यांनी, खालच्या आवाजात फिरते आणि वेदनेऐवजी जबडाभर घरघर जाणवते. त्या वेळी तोंडात सतत थंड सलाइन सोडले जाते आणि सहायक ते ओढून घेत असतो. त्याचे कारण असे की हाड ४७ अंश सेल्सिअसपर्यंत तापून मिनिटभर तसे राहिले तरी त्यातील पेशी मरतात आणि मेलेले हाड स्क्रूला सांधले जात नाही. छिद्र तयार झाले की स्क्रू सावकाश फिरवून बसवतात. शेवटचे फेरे टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लागतो हे दाखवणाऱ्या पान्याने दिले जातात. ३५ न्यूटन-सेंटिमीटरच्या आसपास जोर लागला तर स्क्रूची पकड पक्की मानतात. या वेळी रुग्णाला फक्त दाब जाणवतो. त्यानंतर स्क्रूवर झाकण लावून हिरडी शिवली जाते, किंवा हिरडीच्या वर डोकावणारी छोटी हीलिंग कॅप बसवली जाते. एका इम्प्लांटला बधिर होण्याच्या वेळेसह तासभर पुरतो.

घरी आल्यावर पहिले चोवीस तास जोराने चूळ भरू नये, थुंकू नये आणि स्ट्रॉने पिऊ नये. बाहेरून बर्फाचा शेक दहा-दहा मिनिटे द्यावा. मऊ, कोमट अन्न घ्यावे. भाताची पेज, मुगाची खिचडी, ताक, दूध-केळे हे सर्व चालते, भाकरी आणि चिवडा आठवडाभर नको. दुसऱ्या दिवसापासून क्लोरहेक्झिडिनच्या औषधी पाण्याने दिवसातून दोनदा हलकी चूळ भरावी. त्याने दातांवर तपकिरी डाग येतात, ते नंतर साफ करता येतात. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि मग उतरते. टाके सात ते दहा दिवसांनी काढतात. तंबाखू, मिश्री, सिगारेट आणि मद्य या काळात पूर्ण वर्ज्य.

दोन गोष्टींसाठी मात्र वाट न पाहता फोन करावा. बधिरपणा तीन-चार तासांत उतरायला हवा. दुसऱ्या दिवशी सकाळीही खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर असेल, तर नसेवर दाब पडलेला असू शकतो आणि लवकर स्क्रू सैल केला किंवा काढला तरच संवेदना परत येण्याची आशा चांगली असते. दुसरी म्हणजे तिसऱ्या दिवसानंतर कमी होण्याऐवजी वाढत जाणारी सूज, ताप किंवा पू.

वाट पाहण्याचा काळ आणि कॅप

खालच्या जबड्यात हाड घट्ट असल्याने साधारण दोन ते चार महिने आणि वरच्या जबड्यात चार ते सहा महिने थांबावे लागते. हाडाची भुकटी भरली असेल तर आणखी जास्त. ‘एका दिवसात दात’ ही जाहिरात पूर्ण खोटी नाही. समोरच्या दातांच्या जागी स्क्रूची पकड उत्तम मिळाली तर चावण्याचा भार न येणारा तात्पुरता दात त्याच दिवशी देता येतो. पण मोठ्या दाढेवर चावण्याचा जोर फार असतो आणि तेथे घाई करून मिळवण्यासारखे काही नाही, कारण ती जागा कोणाला दिसत नाही.

कॅपच्या बाबतीत एक प्रश्न आवर्जून विचारावा: ती वेगळ्या बारीक स्क्रूने कसलेली असेल की सिमेंटने चिकटवलेली? सिमेंटचा कण हिरडीखाली राहून गेला तर तेथे सूज येते आणि पुढे हाडही जाते. स्क्रूने बसवलेल्या कॅपच्या माथ्यावर एक छिद्र असते, ते दाताच्या रंगाच्या मसाल्याने बुजवतात. कधी दुरुस्ती लागली तर ते उघडून कॅप अखंड काढता येते. दाढेसाठी शक्य असेल तेथे मी स्क्रूच्याच बाजूने कौल देईन.

बसवल्यावर चावा नीट तपासून घ्यावा. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती तंतूंची गादी असते, तिच्यामुळे दात किंचित दबतो आणि एखादा दाणा जास्त कठीण असेल तर लगेच कळते. इम्प्लांट थेट हाडाला जोडलेला असल्याने त्याला ती जाणीव अंधूक असते. कॅप उंच राहिली तरी दुखत नाही, आणि म्हणूनच ते धोक्याचे असते. निळ्या-लाल कागदावर चावायला लावून डॉक्टर उंची कमी करतात. तेव्हा ‘चालेल, होईल सवय’ असे म्हणू नये. रात्री दात खाणाऱ्यांनी झोपताना घालायची गार्ड करून घ्यावी.

सर्वच दात गेलेल्यांसाठी हिशेब वेगळा आहे. खालची कवळी जिभेबरोबर उचलली जाते, ही त्यांची कायमची तक्रार असते. अशा वेळी प्रत्येक दातासाठी स्क्रू लागत नाही. खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला दोन इम्प्लांट बसवून त्यांवर बटणासारखी अडकणारी कवळी केली, तर खाणे आणि बोलणे दोन्ही सुधारतात. २००२ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी बोळक्या तोंडासाठी खालच्या जबड्यात हाच पहिला पर्याय मानावा, असे मत दिले होते. चार किंवा सहा स्क्रूंवर पक्के बसवलेले पूर्ण दातही करता येतात, परंतु खर्च कितीतरी पट होतो आणि त्याखालची सफाई थरथरत्या हातांना जमत नाही. सत्तरीच्या पुढच्या आईवडिलांसाठी निर्णय घेताना ही सफाई कोण करणार, हा प्रश्न खर्चाइतकाच महत्त्वाचा आहे.

पुढची देखभाल

इम्प्लांट किडत नाही, त्याच्याभोवतीची हिरडी आणि हाड मात्र सुजते. दाढेच्या कॅपखाली, शेजारच्या दाताशी जेथे ती टेकते त्या त्रिकोणी फटीत अन्न अडकते, आणि साधा ब्रश तेथे पोचत नाही. रात्री जेवणानंतर इंटरडेंटल ब्रश गालाच्या बाजूने त्या फटीत घालून पाच-सहा वेळा मागेपुढे करावा, मग तसाच जिभेच्या बाजूने. ब्रशची जाडी फटीइतकी असावी. जोर लावून दडपावा लागतो तो जाड आणि सैल हालतो तो बारीक. वॉटर फ्लॉसर उपयोगी आहे, पण ब्रशच्या जागी नव्हे, त्याच्या जोडीला. सुरुवातीला किंचित रक्त आले म्हणून सफाई बंद करू नये. ती नीट होत राहिली तर हलकी सूज आठवडा-दोन आठवड्यांत उतरते. तरीही रक्त येत राहिले, हिरडी दाबल्यावर पू आला किंवा तोंडाला वास येऊ लागला, तर दुखत नसले तरी दाखवावे. हाड आतल्या आत कमी होत असताना दुखणे सहसा सर्वांत शेवटी येते. दर सहा महिन्यांनी तपासणी आणि पहिल्या वर्षाअखेर एक एक्स-रे करून घ्यावा, म्हणजे पुढच्या एक्स-रेशी ताडून पाहायला आधार राहतो. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर टायटॅनियममुळे ती अडत नाही; जबड्याच्या चित्रात त्या जागी थोडा डाग दिसतो, म्हणून तंत्रज्ञाला आधी कल्पना द्यावी.

कॅप हलू लागली म्हणजे इम्प्लांट गेलाच, असे समजून घाबरू नये. बहुतेक वेळा आतला बारीक स्क्रू सैल झालेला असतो आणि तो पुन्हा कसला की काम होते. मात्र हलती कॅप तशीच वापरली तर तो स्क्रू तुटतो आणि काम अवघड होते. कॅप हातात आल्यास ती डबीत घालून घेऊन जावी, घरातल्या झटपट गोंदाने चिकटवू नये. प्रत्येक कंपनीचा स्क्रूड्रायव्हर वेगळा असतो. म्हणून स्क्रूच्या डबीवरील कंपनीचे नाव, माप आणि लॉट क्रमांक असलेली चिकटपट्टी शस्त्रक्रियेच्या दिवशीच आपल्या कार्डावर लावून घ्यावी आणि तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरांपुढे बसल्यावर त्यांना सर्वांत आधी हवी असते ती हीच माहिती.